पॅडखालचा पिवळा ठिपका

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा मोटारींचे ब्रेक कॅलिपर उघडणे, साफ करणे, रंगवणे आणि होते तसे परत बसवून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणी मला भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे कोणाला जमलेलेही नाही. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझा उजवा हात चहाचा कप धरताना थरथरतो, ब्रश धरताना थरथरत नाही. ज्याला शंका असेल त्याने या कागदावरचे अक्षर बघावे.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझ्या मुलीला काहीही ठेवले नव्हते. सगळ्यांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी जोडलेल्या यादीत आहेत. इथे मी ज्याला ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने लिहीन.

कलम १. माझा धंदा.

हे कलम कायद्याला लागत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मला लागते.

मोटारीच्या चाकाआड एक चकती फिरत असते. ब्रेक दाबला की त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा पंजा म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत दोन पॅड असतात, पॅडना पिस्टन ढकलतात आणि पिस्टनना ब्रेक ऑइल ढकलते. वेगाच्या गाड्यांची चाके उघड्या आऱ्यांची असतात, त्यातून कॅलिपर लांबून दिसतो, म्हणून मालकाला तो झकास लाल किंवा पिवळा हवा असतो. चार-पाच वर्षांत उष्णतेने तो रंग विटतो, पोपडे निघतात, आणि मग लोक माझा पत्ता विचारत येतात.

मी मुळात दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सासरे मेकॅनिक होते. लग्नानंतर सहाव्या वर्षी मी त्यांच्या गॅरेजमध्ये एका शर्यतीच्या गाडीचे कॅलिपर रंगवले, तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, उद्या गाडीच्या नटबोल्टांनाही नेलपॉलिश लावाल." त्याच गाडीवाल्याने पुढच्या महिन्यात तीन मित्र पाठवले. सासऱ्यांनी मग गॅरेजचा मागचा कोपरा मला मोकळा करून दिला. चेष्टा मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

माझी पद्धत लिहून ठेवतो. कॅलिपर गाडीवरून उतरवायचा. पिस्टन आणि रबरी रिंगा काढायच्या. बारीक काचमण्यांचा मारा करून धातू उघडा पाडायचा. धुवायचा, आणि रंग लावायच्या आधी एकदा रिकामाच भट्टीत तापवायचा, कारण अॅल्युमिनियमच्या पोटात ऑइल मुरलेले असते आणि ते नंतर रंगाला फोड आणते. मग रंग, मग भट्टी, मग अक्षरे हाताने, मग वरून पारदर्शक थर, पुन्हा भट्टी. स्टिकर माझ्या दुकानाचा उंबरठा ओलांडून आत आलेला नाही. एकेचाळीस वर्षांत माझ्या हातचा रंग सुटून एकही कॅलिपर परत आलेला नाही. या वाक्यात 'सहसा' हा शब्द घालावा, असे वकीलबाईंनी सुचवले. मी घातलेला नाही.

कलम २. राहते घर.

राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीला मिळावी. तिने त्याचे काय करायचे हे तिला कोणी शिकवू नये. मी एकदा पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत हे शिकवायला गेलो होतो.

याखेरीज तिला एक नवा कोरा ओव्हन घेऊन द्यावा. सुरुवातीला माझ्याकडे भट्टी नव्हती, तेव्हा पहिल्या सोळा जोड्या मी तिच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजल्या. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाच्या केकला थिनरचा वास आला आणि आलेली सगळी पोरे केक तसाच ठेवून गेली. त्यानंतर ती मला म्हणाली होती, "अहो, लोकांच्या गाड्या थांबवता, तुमचं हे खूळ कोण थांबवणार?" पण ओव्हन तिने परत मागितला नाही, आणि शेजारी काही बोलले तर त्यांच्याशी भांडली ती माझ्या बाजूने. मी जो काही झालो तो त्या ओव्हनमध्ये झालो, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. इथे सांगतो.

कलम ३. मुलगा.

माझी चालती गाडी मुलाला द्यावी. तो संगणकाच्या नोकरीत आहे, हुशार आहे, आईला वेळेवर दवाखान्यात नेतो. त्याच्याविषयी माझी एकच तक्रार आहे आणि ती मी बरोबर घेऊन जाणार नाही. सहा वर्षांपूर्वी त्याने नवी गाडी घेतली. मी कौतुकाने चाकाजवळ वाकून पाहिले, तर आत लाल कॅलिपर! हात लावला तर प्लास्टिक. बाजारात तयार मिळणारे लाल झाकण त्याने खऱ्या कॅलिपरवर टोपीसारखे बसवले होते. कॅलिपरवाल्याच्या मुलाने!

"बाबा, दिसतं सेम," तो म्हणाला.

तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. आता माझ्या गाडीवर माझ्या हातचे चार कॅलिपर आहेत. ती गाडी त्याने या अटीवर घ्यावी की वर्षातून एकदा चाके उतरवून ते साध्या पाण्याने धुवील आणि धुताना त्यांच्याकडे बघेल.

कलम ४. समोरचा स्प्रेवाला.

समोरचा स्प्रेवाला कॅलिपर गाडीवर असतानाच रंगवतो. भोवती वर्तमानपत्र गुंडाळायचे, फवारा मारायचा, अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. मी त्याला अनेकदा सांगितले की अरे, तू कॅलिपर रंगवत नाहीस, कॅलिपरवरची धूळ रंगवतोस. तो म्हणतो, "मास्तर, गिऱ्हाइकाला घाई असते." त्याला माझ्याकडील तारेचे दोन ब्रश आणि झाकपट्टीची (मास्किंग टेपची) अख्खी सात रिळे द्यावीत. वापरायची कशी हे पाकिटावर लिहिलेले असते.

कलम ५. गॅरेजवाला मित्र.

सासऱ्यांच्या पश्चात ज्याने गॅरेज चालवले तो माझा चाळीस वर्षांचा मित्र. त्याला मी काहीच देऊ शकत नाही, कारण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने वाटा घ्यायचा नसतो. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे सही पण माझी आणि हात पण माझेच रिकामे?" मी त्याला दुसरा साक्षीदार शोधतो म्हटले. तेव्हा म्हणाला, "राहू दे. तुझ्या अक्षराखाली सही करायला मिळते, तेवढं पुरे." एवढे चांगले तो माझ्याविषयी पहिल्यांदाच बोलला, म्हणून नोंद करून ठेवली.

कलम ६. दुकान.

दुकानाची जागा, भट्टी, काचमण्यांचे कपाट, कॉम्प्रेसर, माझे सर्व ब्रश, आणि माझा लाल रंग मिसळण्याचे प्रमाण लिहिलेली वही हे सर्व माझ्या मुलीला, एकटीला, कोणत्याही अटीशिवाय मिळावे. जागा विकून रक्कम वाटून घ्यावी असा विचार मुलाने मागे बोलून दाखवला होता. त्याने तो सोडून द्यावा. कारण कलम ७ मध्ये आहे.

कलम ७. उलटी अक्षरे.

आमच्या दुकानात एक चाल आहे. अक्षरे ज्याने लिहिली त्याने कॅलिपरच्या आतल्या भिंतीवर, पॅड बसले की झाकली जाते पण काही घासत नाही अशा जागी, पिवळा ठिपका द्यायचा. मी एक देतो. मुलगी विसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आली, तिने दोन द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. पुढे कोणी पॅड बदलायला कॅलिपर उघडला तर त्याला कळावे की हे काम कोणाचे.

बारा वर्षे ती माझ्याबरोबर होती. तिच्या अक्षराला माझ्यापेक्षा बारीक टोक येई. हे मी इतरांना सांगत असे, तिला नाही.

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंची निळी गाडी आली. त्यांना कॅलिपरवर कंपनीचे नाव नको होते, स्वतःच्या आईचे हवे होते. मुलगी दुसऱ्या गाडीखाली होती, म्हणून ते नाव मी लिहिले. डावा आणि उजवा कॅलिपर हुबेहूब सारखे दिसतात, फक्त एकाची रचना दुसऱ्याच्या उलट असते. त्यांना बांधलेल्या खुणेच्या तारा भट्टीआधी काढाव्या लागतात. म्हणून आमचा नियम असा की डावा भट्टीत डावीकडे, उजवा उजवीकडे. माझ्या भट्टीला दोन दारे होती, पुढे एक आणि मागे एक. त्या दिवशी पुढच्या दारासमोर कोणाचे तरी बॉनेट उभे करून ठेवले होते. मी कॅलिपर पुढून ठेवले होते, काढले मागून. मागून बघताना डावे ते उजवे होते, हे शेंबड्या पोरालाही कळते. मला कळले नाही. मी तसेच लिहिले, वरून थर दिला आणि भाजून मोकळा झालो.

दुपारी चार वाजता मुलगी ते गाडीवर चढवायला बसली. डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. गॅरेजवाला होता, स्प्रेवालाही चहाचा कप घेऊन उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "अक्षरं सरळ ठेवली तर निपल खाली येतंय. डावं-उजवं बदललंय."

निपल म्हणजे ऑइलमधली हवा काढायचे तोंड. ते वरच्याच बाजूला लागते, कारण हवा वर चढते. ते खाली गेले तर हवा आत अडकते आणि ऐन वेळी पेडल खोल जाते. तिचे बरोबर होते हे मला त्याच क्षणी कळले. चौघे माझ्याकडे बघत होते. बत्तीस वर्षांत कमावलेल्या नावाचा प्रश्न होता, आणि मी म्हणालो:

"किती वेळा सांगितलं तुला, लिहायच्या आधी निपल बघत जा! माफ करा डॉक्टर, पोरीचं लक्ष नसतं हल्ली."

पॅड तिच्या हातात होते. उघडा कॅलिपर तिच्यासमोर होता आणि त्यात माझा एक ठिपका होता. तिने नुसते बोट दाखवले असते तरी माझे पितळ उघडे पडले असते. तिने माझ्याकडे पाहिले, मग पॅड आत सरकवले. माझा ठिपका तिने स्वतःच्या हाताने झाकला. कॅलिपर योग्य बाजूला बसवले, हवा काढली, पेडल तीनदा दाबून पाहिले. डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या. उलटे नाव बघून म्हणाल्या, "राहू दे तसंच. आई रोज शीर्षासन करायचीच." सगळे हसले. मीही हसलो. मुलीने एप्रन खिळ्याला अडकवला आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

ती गाडी आठ वर्षे गावभर उलटी अक्षरे घेऊन फिरली. स्प्रेवाल्याने मुलीचे नाव 'उलटपाटी' पाडले. तिने स्वतःचे छोटे दुकान काढून पाहिले, तर येणारा प्रत्येक जण विचारी, "अक्षरं सरळ येतील ना?" आठ महिन्यांत ते बंद झाले. आता ती बस डेपोत ब्रेक विभागात आहे. घरी येते, आईशी बोलते, मला विचारते, "औषध घेतलंत का?" मी सांगतो, घेतलं. नऊ वर्षांत आमचे बोलणे यापुढे गेलेले नाही. मला सोडून गेली, असे मी लोकांना सांगत राहिलो. पुढेपुढे माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी मोठे ब्रेक बसवले आणि जुनी जोडी मला आठवण म्हणून दिली. मी एकटाच असताना पॅड काढून पाहिले. ठिपका जसाच्या तसा. आठ वर्षे चाकाशेजारी भाजून निघाला तरी रंग तसूभर हललेला नव्हता. माझा रंग उडाला असता तर बरे झाले असते, असे आयुष्यात पहिल्यांदा वाटले. पॅड होते तसे परत घातले.

ती अक्षरे माझी होती. मुलगी निर्दोष आहे. हे माझ्या मृत्यूनंतर सर्वांसमोर वाचून दाखवावे.

कलम ८. कलम ७ मधील बदल.

वरील कलम लिहून मी गॅरेजवाल्याला वाचायला दिले. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचले.

"हे तू मेल्यावर वाचायचं?" त्याने विचारले.

"मृत्युपत्र मेल्यावरच वाचतात."

"म्हणजे तू सुटलास. आणि तिनं रागवायचं कोणावर, तुझ्या फोटोवर? मास्तर, गाडी आदळल्यावर ब्रेक दाबतोयस तू."

मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. मग सगळ्यांना निरोप पाठवला. मागच्या रविवारी सकाळी दहा वाजता दुकानात पत्नी, मुलगा, डॉक्टरीणबाई, वकीलबाई, गॅरेजवाला आणि समोरून मुद्दाम बोलावलेला स्प्रेवाला असे सर्व जमले. मुलगी सर्वांत शेवटी आली आणि दारातच उभी राहिली. मी कलम ७ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. दोन ठिकाणी मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले. कोणी पाणी दिले नाही ते बरे केले.

नंतर मी ती जोडी टेबलावर ठेवली आणि पॅडची पिन काढायला हातोडी घेतली. हात थरथरला. ब्रश नव्हता ना हातात.

मुलगी पुढे आली. "मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही ठोका."

तिने कॅलिपर दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला, मी पिन ठोकून काढली, पॅड बाहेर आले. सगळे वाकले. स्प्रेवाल्याने खिशातून चष्मा काढला.

"एकच आहे," तो म्हणाला. मग चष्मा उतरवून मुलीला म्हणाला, "ताई, ते नाव मी पाडलं होतं. चुकलो."

मी तिला विचारले, "तुला तर माहीत होतं. मग त्या दिवशी दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर तुमच्याकडे कोणी परत ब्रेक दिला असता का? पोरगी चुकली तर लोक हसतात, विसरतात. मास्तर चुकलेला चालत नाही, बाबा."

मी सर्वांसमोर रडलो. हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर गॅरेजवाला वाढवून सांगेल. एकेचाळीस वर्षे मला माझ्या रंगाचा अभिमान होता. त्या रविवारी कळले की माझे नाव नऊ वर्षे तिने सांभाळले, स्वतःचे घालवून. माझ्या हातून घडलेली सर्वांत पक्की गोष्ट ही मुलगी आहे, आणि तीही निम्मी तिच्या आईने घडवली.

मग मी तिला कलम ६ वाचायला दिले. तिने ते डेपोतला कामाचा कागद वाचावा तसे बोट ठेवून वाचले.

"दुकान घेईन," ती म्हणाली. "पण अट तुम्ही घातली नाहीत तर मी घालते. भट्टीचं मागचं दार आधी वेल्ड करून टाका."

त्याच दुपारी गॅरेजवाल्याने ते वेल्ड केले. तरी कलम ६ मध्ये जिथे 'भट्टी' असे लिहिले आहे तिथे 'एका दाराची भट्टी' असे वाचावे. कलम १ मधील माझे वाक्य मी मागे घेत नाही, कारण रंग खरोखरच परत आलेला नाही. मात्र त्यापुढे 'अक्षरे एकदा उलटी आली, ती माझी' हे शब्द वाढवावेत. आणि कलम ७ चे शेवटचे वाक्य रद्द करावे, कारण ते वाचून झाले आहे.

कलम ९. किरकोळ.

उलट्या अक्षरांची ती जोडी दुकानात दर्शनी भिंतीवर टांगावी, पॅड काढून, ठिपका दिसेल अशी. पाटी मी नव्याने लिहिली आहे. वरचे नाव मुलीचे, खालचे माझे. लिहिण्याआधी पाटीची वरची बाजू कोणती हे तिने मला दोनदा विचारले, आणि मी दोन्ही वेळा न चिडता सांगितले.

मी गेल्यावर दुकान एक दिवस बंद ठेवावे, जास्त नाही. भट्टीत कोणाची जोडी असेल तर तेवढाही नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही केली असून त्यांनीही माझ्या समक्ष सही केली आहे.

ठिकाण: दुकान, मागचे टेबल
दिनांक: २३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेतीन

सही: मृत्युपत्र करणारा, कॅलिपरवाला

साक्षीदार १, सही: गॅरेजवाला. (सोबत एक काळे बोट उमटले आहे. हात धुऊन ये म्हटले होते.)

साक्षीदार २, सही: डॉक्टरीणबाई, निळ्या गाडीच्या मालक

वकीलबाईंची टीप: सही झाल्यावर मृत्युपत्र करणाऱ्याने सहीखाली ब्रशने पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला. त्यांच्या मुलीने तोच ब्रश घेऊन त्याशेजारी दोन दिले. मुलीला मिळकत मिळत असल्याने तिने या कागदावर काही करू नये, असे मी बजावले होते. तोवर ठिपके देऊन झाले होते. या तीन ठिपक्यांना सही समजू नये. खाडाखोडही समजू नये.